‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नाविषयीचे प्रश्न

समाज माणसाला कसा घडवतो, या विषयावर मी बोलतो आणि शिकवतो. कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी तेच ते प्रश्न येतात. सभागृहात हात वर करून कोणी विचारत नाही, बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात. (यातच निम्मं उत्तर आहे.) ते प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

‘लोक काय म्हणतील’ यातले लोक नेमके कोण असतात?

एकदा यादी करून बघा. कागदावर नावं लिहायला बसलं की साधारण दहा-बाराच्या पुढे गाडी जात नाही. आत्या, दोन चुलते, समोरच्या घरातल्या काकू, ऑफिसातला एखादा सहकारी, सोयरिकीतलं एक वजनदार घर. म्हणजे ‘जग’ वगैरे काही नसतं. गंमत अशी की त्या काकूंनाही यादी करायला सांगितली, तर तिच्यात तुमचं नाव असतं. तुम्ही त्यांच्याकडे बघून वागता, त्या तुमच्याकडे बघून, आणि दोघांनाही वाटतं की नियम तिसऱ्याच कोणीतरी केलाय.

मी तर स्वतः विचार करून ठरवतो. इतरांच्या दबावाला मी बळी पडत नाही. मग?

असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञालाही माणूस इतका लेचापेचा नसावा असंच वाटत होतं, म्हणून त्याने १९५० च्या सुमारास अमेरिकेत एक अगदी साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन. पहिल्या रेघेएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचं. पहिलीतलं पोरही सांगेल इतकं सोपं. फक्त खोलीतल्या सात-आठ जणांपैकी एकच खरा पाहुणा, बाकीचे ॲशने आधीच पढवलेले. अठरापैकी बारा वेळा ते सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे, आणि पाहुण्याची पाळी शेवटाकडे यायची.

त्या बारा वेळांत साधारण ३७ टक्के उत्तरं गर्दीच्या बाजूने, म्हणजे डोळ्यांना दिसत असूनही चुकीची आली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. चौथा मात्र एकदाही हलला नाही, हेही सांगायला हवं. पुस्तकांतून बऱ्याचदा ते राहून जातं.

मला त्यातले पुढचे दोन प्रयोग जास्त मोलाचे वाटतात. एकात पाहुण्याला उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला सांगितलं, तर चुका खूपच कमी झाल्या. म्हणजे बहुतेकांना खरं उत्तर माहीत होतं, तोंडातून काढणं जड जात होतं. दुसऱ्यात त्या टोळीतल्या फक्त एकाला खरं बोलायला सांगितलं. खोलीत एक जोडीदार मिळाल्याबरोबर पाहुण्याच्या चुका पाच टक्क्यांच्या आसपास आल्या. बाकी सारी खोली विरुद्धच होती. एकच माणूस बदलला होता.

हे अमेरिकेतल्या कॉलेजकुमारांचं झालं. आपल्याला ते लागू पडतं का?

शंका रास्त आहे. मानसशास्त्राची कितीतरी पुस्तकं पाश्चात्त्य विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून लिहिली गेली आणि निष्कर्ष मात्र ‘माणूस’ या नावाने छापले गेले. ॲशचा प्रयोग पुढे बऱ्याच देशांत झाला. १९९६ मध्ये अशा १३३ प्रयोगांचा, १७ देशांतला, एकत्र आढावा घेतला गेला. जिथे कुटुंब आणि समूह यांना व्यक्तीपेक्षा वरचं स्थान आहे तिथे लोक गर्दीबरोबर जास्त जातात, आणि खुद्द अमेरिकेत १९५० नंतर हे प्रमाण उतरत गेलं, असं त्यात दिसलं.

पण यावरून ‘आपण मेंढरं, ते स्वतंत्र’ असा अर्थ काढू नका. चारचौघांत एखाद्याला खोटं न पाडणं याला आपल्याकडे भिडस्तपणा म्हणतात, तसं समजूतदारपणाही म्हणतात. पंगतीत वरण खारट झालं तरी ‘छान झालंय’ म्हणणाऱ्याची जीभ बिघडलेली नसते.

संस्कृती म्हणजे सण, पेहराव, खाणंपिणं. तिचा स्वभावाशी काय संबंध?

सण आणि पेहराव वरून दिसतात, एवढंच. संस्कृतीचा मोठा भाग आपल्याला संस्कृती म्हणून दिसतच नाही. तो ‘असंच असतं’ म्हणून दिसतो.

मामाच्या मुलीचं उदाहरण घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे, मराठवाड्यातही बऱ्याच घरांत मामाची मुलगी करणं हा भाच्याचा जवळजवळ हक्क मानला जात होता. अजूनही चेष्टेत का होईना ते बोललं जातं. तेच उत्तर प्रदेशातल्या एखाद्या घरात बोलून बघा, ती थेट बहीण. किळस यावी असा विषय. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना उत्तर आणि दक्षिण यांच्यातला हा फरक नीट उलगडला आहे, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या सांध्यावर कसा आहे तेही दाखवलं आहे. दोन्हीकडच्या माणसांना आपली भावना अगदी निसर्गाने दिलेली वाटते. ती दिली मात्र गावाने.

किंवा उखाणा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम होता, म्हणून एरवी न घेतलेलं ते नाव यमकात गुंडाळून चारचौघांत घ्यायची सोय निघाली. आता मुली नवऱ्याला ‘अरे’ म्हणतात, नावाने हाक मारतात, तरीही लग्नात उखाणा होतोच. मूळ कारण गेलं, रीत राहिली, आणि तिला ‘मजा’ हा नवा अर्थ आला.

सगळेच एखाद्या प्रथेला वैतागलेले असतात, तरी ती चालूच राहते. हे कसं?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि मला सर्वांत आवडणारा प्रश्न.

आमच्या घरातल्या एका लग्नात मानपानाच्या साड्या द्यायच्या की नाही यावर खल चालला होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांशी मी वेगवेगळा बोललो. वरपक्ष म्हणाला, ‘आम्हाला काही नको, पण त्यांना वाईट वाटेल.’ वधूपक्ष म्हणाला, ‘द्यायची इच्छा नाही, पण त्यांची अपेक्षा असणार.’ शेवटी साड्या दिल्या गेल्या. घेणाऱ्यांनी त्या पुढच्या कोणाच्या तरी मानपानाला वापरल्या. यातल्या काही साड्यांची घडी अजूनही मोडली नसेल आणि त्या तिसऱ्या-चौथ्या घरी पोचल्या असतील.

इथे कोणी दुष्ट नाही, कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. फक्त प्रत्येकाला स्वतःचं मन माहीत आहे आणि दुसऱ्याचं फक्त वागणं दिसतं. दुसराही मनाविरुद्धच वागत असेल हे डोक्यात येत नाही. म्हणून सगळे मिळून, एकमेकांच्या मर्जीसाठी, कोणाचीच मर्जी नसलेली गोष्ट करतात.

याचा पुरावा सौदी अरेबियातून आला, जिथून कोणी अपेक्षा केली नसती. रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना संशोधकांनी विचारलं: बाईने घराबाहेर नोकरी करावी का? बहुसंख्यांनी हो म्हटलं. मग विचारलं: तुमच्या आजूबाजूचे किती जण हो म्हणतील? तो अंदाज बराच खाली आला. त्यातल्या काहींना खरा आकडा सांगितला गेला. बाकी उपदेश नाही, भाषण नाही. ज्यांना आकडा कळला त्यांच्यापैकी, बाकीच्यांच्या तुलनेत, जास्त जणांनी बायकोचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवलं. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांचं मत बदललं नव्हतंच, ते आधीच तयार होतं. शेजाऱ्याबद्दलचा गैरसमज तेवढा गेला.

मग अशी प्रथा मोडते कशी? प्रबोधनाने?

नुसत्या प्रबोधनाने क्वचित. हुंडा वाईट असतो हे न ऐकलेला माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही.

चीनमध्ये मुलींची पावलं लहानपणीच करकचून बांधत. हाडं मोडून पाऊल दुमडायचं, मुलगी जन्मभर लंगडायची. शेकडो वर्षं हे चाललं. आयांना दुःख कळत नव्हतं का? प्रत्येकीने ते स्वतः भोगलं होतं. पण न बांधलेल्या पायांच्या मुलीला चांगलं स्थळ मिळत नसे, आणि एकट्या आईने माया दाखवली तर मुलगी घरात राहायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांनी एक दुहेरी शपथ काढली: आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही, आणि बांधलेल्या पायांची सून आणणार नाही. ही दुसरी अट म्हणजे खरी किल्ली. तिच्यामुळे शपथ घेणाऱ्या घरांतल्या मुलींना स्थळंही त्याच घरांतून मिळू लागली. बीजिंगच्या दक्षिणेला असलेल्या तिंगशिएन भागाची पाहणी पुढे झाली. १८८९ मध्ये तिथे ९९ टक्के मुलींची पावलं बांधली जात, १८९९ मध्ये ९४ टक्के, आणि १९१९ मध्ये एकीचीही नाही. दहा वर्षांत पाच टक्के उतार आणि मग वीस वर्षांत पूर्ण शून्य. एवढी जुनी रीत एका पिढीत गेली.

आपल्याकडचं ताजं उदाहरण हेरवाडचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये, सुरगोंडा पाटील सरपंच असताना, ग्रामसभेने ठराव केला: पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्याच सुमारास करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं की माझ्यानंतर माझ्या पत्नीवर हे विधी लादू नयेत. मला त्या कागदात फार शहाणपण दिसतं. नवरा गेलेल्या दिवशी बांगड्यांवर पहिला हात ठेवणाऱ्या बायका बहुतेक वेळा घरातल्याच, रडतच ठेवतात, कारण ‘नाही केलं तर काय म्हणतील’. ज्याच्या नावाने हे करायचं त्याचाच नकार कागदावर असला, की त्या बायकांना सुटायला वाट मिळते.

ठरावाने सगळं एका रात्रीत बदलतं असं मुळीच नाही. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं हे ग्रामसभा ठरवत नाही. पण ठरावानंतर एवढं होतं की गावात प्रत्येकाला कळतं, की प्रत्येकाला कळलंय.

पण एकट्यानेच सुरुवात करायची वेळ आली तर?

तर किंमत मोजावी लागते. ती लागत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. पुण्यात अभिनंदनाची पत्रं आली. कोकणात त्यांच्या मुरूड गावाने मात्र सभा भरवून बहिष्कार घातला. कर्व्यांबरोबर एका बैठकीला कोणी बसायचं नाही, आणि आईने त्यांना घरात घेतलं तर आईलाही वाळीत टाकायचं. यातली चलाखी बघा. दंड लेकाला नाही, आईला. बहिष्कार नेहमी आपल्या माणसांच्या मानेवरून येतो. स्वतःवरचं सोसायला माणूस तयार असतो.

त्याआधी १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनचं चहा प्रकरण झालं होतं. मिशनमधल्या कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही पाहुण्यांत होते. काहींनी चहा प्यायला, काहींनी नुसता हाती घेतला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात पोचवली आणि ख्रिश्चनांकडचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या माणसानेही पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. मी विद्यार्थी असताना मला ते घाबरटपणाचं वाटे. आता तितकं खात्रीने म्हणवत नाही. ग्रामण्य म्हणजे घरात श्राद्धाला भटजी नाही, माहेरवाशिणीला बोलावणं नाही, उपवर मुलीला स्थळ नाही. इथेही घाव घरच्यांवरच.

आजही कोणी वाळीत टाकलं तर कायदा काही करतो का?

करतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला, तो २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने किंवा गावकीने बहिष्कार घालणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. अडचण पुराव्याची. ‘त्यांच्याशी बोलू नका’ असं कोणी लेखी देत नाही. म्हणून दुकानात माल नाकारला, देवळात अडवलं, वर्गणी परत केली, अशा प्रसंगांची तारीख-वार नोंद ठेवा.

गणपती दूध प्यायला तेव्हा शिकलेली माणसंही रांगेत होती. ती मूर्ख होती का?

नव्हती. २१ सप्टेंबर १९९५ चा तो दिवस मला चांगला आठवतो. मोबाईल भारतात नुकतेच आले होते, तेही मूठभरांकडे. तरी सकाळी दिल्लीकडून निघालेली बातमी दुपारपर्यंत देशभर आणि रात्रीपर्यंत लंडनच्या देवळांत पोचली. सोंडेला टेकवलेल्या चमच्यातलं दूध कमी होताना खरंच दिसत होतं. पृष्ठताणाने दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं.

पण माझं म्हणणं रांगेबद्दल आहे. ‘एवढी माणसं उभी आहेत, काहीतरी असेल’ हा विचार एरवी फार उपयोगी असतो. अनोळखी गावात वडापाव खायचा तर आपण गर्दीचीच गाडी बघतो, आणि तो निर्णय सहसा चुकत नाही. घोळ कधी होतो? रांगेतल्या प्रत्येकाने फक्त रांगच पाहिलेली असते तेव्हा. मग हजार माणसं म्हणजे हजार पुरावे उरत नाहीत, एकच पुरावा हजारदा मोजला जातो.

तेव्हा फार तर दूध वाया गेलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे होते. काही दिवस फोनवर तसे संदेश फिरत होतेच. एकाच माणसाने पाठवलेला संदेश पाच गटांतून आला की तो पाच जणांनी सांगितल्यासारखा वाटतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला घेतली.

अपघात झाला की बघे जमतात, पुढे कोणी होत नाही. माणुसकी संपली का?

नाही. प्रत्येक बघा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत असतो, आणि दुसराही तेच करत असतो. भांडणांबाबतचं चित्र तर याहून बरं आहे: लँकेस्टर, ॲम्स्टरडॅम आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं तेव्हा दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. तुम्हाला मदत हवी असेल तर ‘कोणीतरी या’ म्हणू नका. ‘अहो निळा शर्ट, १०८ ला फोन लावा’ म्हणा. आणि पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती असेल तर, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही.

‘येथे थुंकू नये’ लिहूनही लोक तिथेच का थुंकतात?

कारण भिंत दोन गोष्टी सांगते. पाटी म्हणते थुंकू नका. पाटीखालचे लाल डाग म्हणतात, सगळे थुंकतात. डागांचा आवाज मोठा. अमेरिकेतल्या ॲरिझोनात दगड झालेल्या प्राचीन झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तिथले तुकडे खिशात घालून नेत. ‘पूर्वी अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं’ अशी पाटी लावली तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच लिहिलं तेव्हा २ टक्क्यांहून कमी. ‘आपल्या गावात निम्मे लोक कर भरत नाहीत, ही शरमेची बाब आहे’ असा फलक लावणाऱ्या ग्रामपंचायतींनी हे जरूर वाचावं.

जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवण्याचा मुंबईकर उपाय चालतो, मान्य. पण दोन फरशांमधली जागा मोकळी सुटेपर्यंतच.

मुलगा मोबाईल सोडत नाही. घरात नियम केला तरी ‘बाकी सगळे खेळतात’ म्हणतो.

तो खरं बोलतोय. सगळे खेळत असताना एकट्याने बंद केला, तर दुसऱ्या दिवशी शाळेत तोच बाजूला पडतो. पावलं बांधणाऱ्या आयांचीच ही अडचण, लहान आकारात. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर भोंगा काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, मोठ्यांनी तोवर वाचावं किंवा गप्पा माराव्यात.

तुमच्या इमारतीला भोंगा नसेल. पण मुलाचे तीन-चार मित्र तर असतील. त्यांच्या आईबाबांना आज फोन करून विचारा. माझा अंदाज, तेही वैतागलेलेच निघतील.